अंजिराखालचा हात

१

ताई सोमवारी गेली, आणि बुधवारी सकाळी तिच्या धाकट्या सुनेच्या हातावर ताईचा पंजा उठला.

"उठला" हाच शब्द थोरल्या सुनेने फोनवर वापरला. "मावशी, रंगवलेला नाही, काही नाही. झोपेतून उठली तर हातावर लालभडक पाच बोटं. आणि करंगळी वाकडी आहे हो!"

करंगळीचं ऐकल्यावर मावशींनी हातातला कप खाली ठेवला. ताईची उजवी करंगळी लहानपणी झोपाळ्यावरून पडून मोडली होती आणि वाकडीच जुळली होती. शाळेतल्या वहीपासून पिठाच्या परातीपर्यंत ताईचा हात जिथे जिथे उमटला, तिथे ती करंगळी घोळक्यातून बाजूला निघालेल्या पोरासारखी वेगळीच दिसायची. तसला दुसरा हात या जगात नव्हता. आणि होता तो आता या जगात राहिला नव्हता.

मावशी कातडीच्या डॉक्टर. उभा जन्म लोकांची त्वचा बघण्यात गेला होता, आणि चेहऱ्यांवर विश्वास ठेवणं त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना सख्ख्या बहिणीच्या अंत्यविधीला जाता आलं नव्हतं. ते मनाला खात होतंच. आता हे ऐकल्यावर त्यांनी काठी घेतली, पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि मिळेल त्या गाडीने निघून गुरुवारी दुपारी पोचल्या.

घर ओळखीचं होतं. पुढे फाटक, मागे अंगण, अंगणात ताईचं लाडकं अंजिराचं झाड, आणि झाडाला लागून वरच्या मजल्यावर जाणारा दगडी जिना. त्या जिन्याच्या पायथ्याशी सोमवारी संध्याकाळी ताई सापडली होती. पोलिसांनी येऊन पाय घसरला असं लिहिलं होतं आणि ते गेले होते.

थोरलीने फाटक उघडलं. तिचे डोळे सुजले होते. ती आजूबाजूला पाहत हळूच म्हणाली, "मावशी, आई गेलेल्या नाहीत. त्या घरातच आहेत. आणि त्यांनी धाकटीला धरलंय."

२

धाकटी खिडक्या लावून बसली होती. उकाड्यात अंगावर शाल, आणि डावा हात शालीच्या आत. ही मुलगी शाळेत खेळ शिकवायची; नवरा, ताईचा धाकटा, बोटीवर नोकरीला. तिच्या एका शिट्टीवर अख्खं मैदान उभं राहायचं. आता तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मावशींनी बूड टेकलं, काठी भिंतीला लावली आणि शाल बाजूला केली.

कोपराच्या खाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला चार बोटं आडवी पडली होती. लाल, जराशी सुजलेली, मध्येमध्ये पाण्याचे बारीक फोड. आतल्या बाजूला अंगठा. करंगळी वाकडी. मावशींना ताई समोर दिसली. अंगावर सरसरून काटा आला, आणि स्वतःच्या कातडीचा हा आगाऊपणा त्यांना मुळीच आवडला नाही.

"मावशी," धाकटी म्हणाली, "मीच केलं असेल का हो?"

"काय केलं असेल?"

"आईंना ढकललं असेल. मला काही आठवत नाही. सोमवारी शाळेचे सामने होते. सकाळी निघाले तेव्हा आई फाटकाशी आल्या, सावकाश जा म्हणाल्या. मग दुपारपर्यंत मैदानावर उभी होते, उन्हाने डोकं उठलं. घरी आले, गोळी घेतली आणि वर जाऊन मेल्यासारखी झोपले. खाली आले तर आई पायरीशी..." तिने हात जवळ ओढला. "लोक झोपेत चालतात ना? काहीबाही करतात. मी काहीच केलं नसेल तर त्यांनी मला का धरलंय?"

"आधी बघू तरी, की हे धरलेलं आहे की आणखी काही," मावशी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून काचेची छोटी पट्टी काढली. "कातडी म्हणजे एक पापुद्रा नसतो, बाळ. सगळ्यात वरचा थर पातळ, आणि त्यात रक्तवाहिनी नाही. खालून जे झिरपेल त्यावर तो जगतो. त्याच्या खालचा थर जाड, आणि त्यात रक्तवाहिन्यांची दोन जाळी. एक अगदी वरच्या थराला खेटून, दुसरं खोल, चरबीच्या जवळ. डागाचा रंग कुठल्या मजल्यावर राहतो ते कळलं, की तो तिथे कसा आला तेही बहुतेक कळतं."

त्यांनी आधी चिकटपट्टी लावून उचलली. रंग फासला असता तर तो सगळ्यात वर बसला असता आणि पट्टीला आला असता. पट्टी कोरी निघाली.

मग त्यांनी काच त्वचेवर दाबली. काचेखालची लाली पळाली. काच उचलली, की लाली परत आली.

"म्हणजे काय?" धाकटीने विचारलं.

"म्हणजे रक्त अजून आपल्या नळीतच आहे, वाहिन्या फक्त फुगल्यात. दाबून धरलं असतं, तर वाहिन्या फुटून रक्त बाहेर सांडलं असतं आणि ते काचेखालून हललं नसतं. मुका मार म्हणतो ना, तो तसा असतो." मावशी बोलता बोलता थांबल्या. "हा हात कुणी आवळलेला नाही. नुसता ठेवलाय."

हे सांगून धाकटीच्या जिवात जीव यायला हवा होता. उलट मावशींनीच काच पुन्हा एकदा दाबून पाहिली. रंग नाही, मार नाही. मग बाई गेल्यावर दोन दिवसांनी तिचा हात एवढ्या हळुवारपणे हिच्या हातावर कोणी ठेवला?

३

थोरला भाचा दुकान बंद करून आला. फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून देण्याचं त्याचं दुकान होतं. मावशींच्या पाया पडून त्याने डोळे पुसले. एवढ्या उकाड्यातही शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली होती. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्याने डाव्या हाताने घेतला. मावशींनी पाहिलं आणि सोडून दिलं. दुःखात माणूस कुठल्या हाताने पाणी पितो याचा काय हिशेब ठेवायचा?

"मावशी, बरं झालं आलीस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आता तुझ्यापासून काय लपवू? मी सोमवारी दुपारी घरी आलो होतो."

"दुकानातच होतो, असं सांगितलंस ना पोलिसांना?"

"खोटं सांगितलं. घरची अब्रू डोळ्यांपुढे आली. मी फाटकाशी होतो, आणि जिन्यावर आई आणि धाकटी होत्या. काहीतरी बोलाचाली चालली होती. आईचा पाय घसरला, तिने हिचा हात धरला, आणि हिने..." त्याने उजवा हात हवेत झटकला आणि लगेच खाली घेतला. "हिने हात झटकला."

"आणि तू काय केलंस?"

"माझ्या पायांतलं त्राणच गेलं, मावशी. मी पळालो. भ्याडपणा केला, कबूल आहे. गप्प बसणार होतो, पण बुधवारी हिच्या हातावर आई उठली. आता आईच बोलतेय म्हटल्यावर मी कोण गप्प बसणारा?"

मावशींनी काठी जवळ ओढली.

"धाकटा बोटीवरून शनिवारी येतोय," तो पुढे म्हणाला. "त्याच्या आत हिने माहेरी निघून जावं. मी पोलिसांकडे जाणार नाही. धाकट्याला काय ते मी समजावून सांगेन."

"काय समजावशील? तुझ्या बायकोने आपल्या आईला मारलं, हे?"

"मग काय सांगू, तूच सांग."

मागे काहीतरी वाजलं. धाकटी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मावशींना तेच सगळ्यात भयंकर वाटलं.

"दादा बरोबर सांगतात," ती म्हणाली. "त्यांनी पाहिलंय. मला आठवत नसलं तरी आईंना आठवतंय. उद्या सकाळी मी पोलिसांना सांगून टाकते."

४

मावशी स्वयंपाकघरात थोरलीजवळ जाऊन बसल्या. स्वयंपाकघरात बाई जे बोलते ते दिवाणखान्यात बोलत नाही, हा त्यांचा जुना अनुभव होता.

"सोमवारी तू कुठे होतीस गं?"

"दुपारपर्यंत घरीच. जेवणं उरकून दाताच्या डॉक्टरांकडे गेले, ती संध्याकाळीच आले. तेवढ्यात हे सगळं." थोरलीने पदर डोळ्यांना लावला. "सकाळपासून आई त्या अंजिराच्या मागे लागल्या होत्या. फांद्या फार माजल्यात म्हणाल्या. हातमोजे घाला म्हटलं, तर माझ्या हातांना घट्टेच एवढे आहेत की मोजे कशाला, म्हणाल्या. जेवायला बोलवायला गेले तर कात्री बोटाला लागलेली. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट. रक्त थांबेना. मीच पट्टी बांधली, नखापासून पार बोटाच्या मुळापर्यंत."

"मग तरी घरात बसली का?"

"त्या कुठल्या ऐकतात! जेवल्या आणि पुन्हा झाडाशी. त्यांना अंत्यविधीला नेलं तेव्हाही ती पट्टी बोटावर तशीच होती. मीच बांधलेली..." भांड्यांचा आवाज करत तिने स्वतःला सावरलं. "आणि यांचंही बघा. त्यातच दुकानात चौकटी चिकटवायचा उकळता सरस मनगटावर उडाला. मला पट्टीसुद्धा बदलू देत नाहीत."

मावशींच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी काठी उचलली आणि त्या अंगणात गेल्या. उन्हं कलली होती. अंजिराच्या छाटलेल्या फांद्या अजून तिथेच पडल्या होत्या. एकेका टोकाशी पांढरा चीक वाळून पिवळट झाला होता. झाड अर्धं छाटलेलं, अर्धं राहिलेलं. ताई कुठलंही काम अर्धवट टाकणारी नव्हती, आणि हे मात्र तिने असंच टाकलं होतं. मावशींना रडू आलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसून पोटभर रडल्या, आणि रडता रडताच त्यांची नजर त्या वाळलेल्या चिकावर खिळली.

चीक. आणि ऊन.

"अरे देवा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हातारे, तुझं डोकं कुठे होतं इतका वेळ?"

त्या तशाच वर गेल्या. धाकटी पिशवी भरत होती.

"एकच सांग. सोमवारी सकाळी ताई तुला सावकाश जा म्हणाली, तेव्हा तिने तुला हात लावला होता?"

धाकटी आठवू लागली. "हो. धरला होता हात. हा, डावा. माझे डोळे ओढलेले दिसले म्हणून म्हणाल्या, एवढी धावपळ करू नकोस, उद्या दोघी मिळून बाजारात जाऊ." तिने तो हात दुसऱ्या हाताने झाकला. "पण हळूच धरला होता हो, मावशी. अगदी हळूच."

"आणि मैदानावर बाह्या?"

"अर्ध्या. खेळाचा शर्ट."

मावशींनी भरलेली पिशवी तिच्या हातातून घेतली आणि पलंगाखाली सरकवली. "उद्या सकाळी तू कुठेही जायचं नाहीस. आपण सगळे अंजिराखाली बसणार आहोत."

५

सकाळी चौघंही अंगणात जमली. थोरला दुकानात जायची घाई करत होता. त्याच्या बाह्या आजही खाली होत्या.

मावशींनी जमिनीवरून एक फांदी उचलली. "अंजिराचा चीक कातडीला लागला तर लगेच काही दिसत नाही. पण त्यावर ऊन पडलं की तो वरच्या थरातल्या पेशी भाजून काढतो. मग खालच्या जाळीतल्या वाहिन्या फुगतात, लाली येते, फोड येतात. आणि हे व्हायला दीड-दोन दिवस जातात. सोमवारी सकाळी ताईने चिकाच्या हाताने हिला धरलं. ही दुपारपर्यंत उन्हात उभी होती. बुधवारी पंजा उठला."

"पण मग आई तर दरवर्षी छाटायच्या, त्यांच्या हाताला कधी काही कसं झालं नाही?" थोरलीने विचारलं.

"तळहाताचा वरचा थर सगळ्या अंगात जाड असतो. त्यात ताईचे घट्टे. तिथून चीक आत जाणार कुठून?"

"असेलही," थोरला म्हणाला. "चीक सकाळचा असेल नाहीतर दुपारचा. आई दुपारीही छाटतच होती. मी जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं."

"दुपारचा नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनी धाकटीचा हात पुढे घेतला. "बोटं मोज."

थोरली पुढे वाकली.

"पाच आहेत. अंगठ्याजवळचं बोटही टोकापासून मुळापर्यंत स्वच्छ उमटलंय. दुपारी त्या बोटावर पट्टी होती. तुझ्याच बायकोने बांधलेली. ताई पडली तेव्हाही होती, नेली तेव्हाही होती. पट्टीतलं बोट उमटेल कसं? आणि जिन्यावरून पडणारी बाई कुणाला धरते तेव्हा जिवाच्या आकांताने धरते. हिच्या हातावर जोराची खूणच नाही. म्हणजे तू सांगतोस ते घडलंच नाही. हिच्या हातावरचा पंजा बघून तू ते रचलंस."

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मला... लांबून नीट दिसलं नसेल."

"नसेल दिसलं. पण आईने धरलं आणि कुणीतरी झटकलं, हे मात्र तुला नीट ठाऊक आहे. काल सांगताना तुझा हात आपसूक झटकला गेला. उजवा." मावशी पुढे झाल्या. "बाही वर कर."

"सरसाने भाजलंय, मावशी."

"मग दाखव. भाजलेलं बघण्यातच जन्म गेला माझा."

तो हलला नाही. थोरली उठली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नाही असं नाही, पण पाहून न पाहिल्यासारखं. तिने त्याच्या बाहीचं बटण काढलं आणि कापडाची पट्टी उलगडली.

मनगटाच्या वर अंगठा उमटला होता. पलीकडे तीन बोटं, शेवटची वाकडी. अंगठा आणि त्या तीन बोटांच्या मध्ये कोरी जागा, एका बोटाएवढी.

थोरली त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. "पट्टी मी घट्ट बांधली होती," ती म्हणाली. "सुटू नये म्हणून." आणि ती मटकन खाली बसली.

मावशींनी काच काढून त्या पंज्यावर दाबली. वरची लाली पळाली, पण खाली निळा-हिरवा डाग राहिला. तो काचेखालून तसूभरही हलला नाही. खोलवरच्या वाहिन्या फुटल्या होत्या. ताईने सगळा जीव त्या हातात आणला होता.

"घर विकू या, असं सांगायला आलो होतो," थोरला कुणाकडेच न बघता म्हणाला. "पुन्हा नाही म्हणाली. म्हणाली, मी असेपर्यंत हे झाड आणि हे घर इथेच राहणार. मी आवाज चढवला. ती वळली आणि तिचा पाय गेला. तिने मला धरलं. मावशी, मीही गेलो असतो गं खाली. मी... मी झटकला हात. मग आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. चौकट पोचवायची होती, सायकल काढली आणि बाह्या वर करून गावभर हिंडलो, कुणाला संशय नको म्हणून."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी सकाळी हातावर आई होती." तो मनगट चोळू लागला. "घासून पाहिलं, धुतलं, जाईना. तिने मला सोडलंच नव्हतं. आणि तेवढ्यात ही ओरडत खाली आली, हिच्याही हातावर आई. मला वाटलं, हिनेही काहीतरी केलं असणार. नाहीतर आई हिला कशाला धरेल? मग म्हटलं, सगळंच हिच्यावर जाऊ दे."

आई कुणाला प्रेमानेही धरू शकते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याच क्षणी त्या पोराची कीवही आली. ताई खाली पडल्यावर लगेच गेली, की थोडा वेळ होती? हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला. मागे वळून पाहणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे उत्तरही कुणाकडे नव्हतं. त्यांनी तो गिळला.

"चल," त्या म्हणाल्या. "पोलिसांकडे तुझ्या पायांनी चल. मी येते बरोबर."

तो उठला. बाही त्याने खाली केली नाही.

६

शनिवारी सकाळी धाकट्याची वाट बघत घर जागं होतं. थोरली खोलीतून बाहेर आली नव्हती. तिच्यासाठी चहा धाकटीनेच नेला आणि बराच वेळ तिच्याजवळ बसली. मग ती मावशींकडे आली.

"हे जाईल का हो?" तिने हात पुढे केला. फोड सुकले होते आणि बोटांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या होत्या.

"जाईल. लाली आधी जाईल, मग काही महिने तपकिरी डाग राहील. वरचा थर सतत झडत असतो, त्याच्याबरोबर हळूहळू पुसट होईल. फक्त हात झाकून ठेव. ऊन लागलं तर डाग आणखी गडद होतो आणि फार दिवस टिकतो."

"फार दिवस म्हणजे किती?"

"ते कातडीवर आणि उन्हावर अवलंबून. म्हणून तर सांगते, पूर्ण बाही घाल."

धाकटी बरं म्हणून गेली. मावशींनी पिशवी आवरली, साड्यांच्या घड्या घातल्या, काचेची पट्टी पुसून ठेवली. ताईच्या खोलीत डोकावून आल्या. खोली रिकामी होती, आणि रिकामीच आहे याचंही त्यांना आता वाईट वाटलं.

थोड्या वेळाने त्या मागच्या दाराशी आल्या. अंगणात ऊन भरलं होतं. अर्ध्या छाटलेल्या अंजिराच्या पलीकडे, सावली सोडून धाकटी उभी होती. बाही खांद्यापर्यंत वर दुमडलेली, डावा हात उन्हात सरळ धरलेला.

रागवायला मावशींनी तोंड उघडलं. मग काठी टेकत त्या तिच्याजवळ गेल्या, आणि तिच्या हातावर आपली सावली पडतेय असं दिसल्यावर बाजूला सरकून उभ्या राहिल्या.